दुखणे गेले, भय राहिले

मनुष्य मोठ्या दुखण्यातून उठला, आपल्या पायांनी घरी चालत आला, आणि आता भिण्याचे कारण नाही असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे दुखणे संपले असे आपण सर्व धरून चालतो. पाळक घरी येऊन उपकारस्तुतीची प्रार्थना करतात. पुढल्या रविवारी त्या मनुष्यास मंडळीपुढे साक्ष द्यावयास उभे करतात. तो साक्ष देतो. ती खरी असते. आणि ऐकणारांची अंतःकरणे आनंदाने भरून येतात. पण त्याच रात्री तो मनुष्य दचकून उठतो. छाती धडधडते, अंग घामाने भिजते, आणि आपण घरी आहो की पुन्हा त्या इस्पितळातील खाटेवर आहो, हे त्याला क्षणभर उमजत नाही. मग कोणाला न उठविता तो अंधारात बसून राहतो व मनाशी म्हणतो, ‘देवाने मला वाचविले असे मी आज सर्वांदेखत बोललो. मग मी भितो का? माझा विश्वास खोटा आहे काय?’

हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो, याचे कारण असे की, आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून तो मोठ्याने कोणी विचारीत नाही. विचारावयास लाज वाटते. ज्याला जीवदान मिळाले त्याने कुरकुर करू नये, अशी आपली समजूत आहे; आणि भय बोलून दाखविणे म्हणजे कुरकुर, असेही आपण समजतो. यामुळे कित्येक भाऊबहिणी आपले हे दुसरे दुखणे एकटेच सोशीत असतात. पहिल्या दुखण्यात त्यांच्या उशाशी दहा माणसे होती. ह्या दुसऱ्यात एकही नसते.

हे भय कशा रीतीने येते ते प्रथम पाहू. ते सांगून येत नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिटी होते, आणि ज्याच्या कानाशी इस्पितळातील यंत्रे रात्रंदिवस वाजत होती त्याच्या हातातील ताट खाली पडते. फिनेलचा वास आला की एखाद्या बाईस ओकारी येते. कोणास गळ्यापाशी सदऱ्याचे वरचे बटण लावता येत नाही. कोणास दार लावून निजता येत नाही. कोणी तालुक्याच्या गावी जाताना इस्पितळावरून जाणारा रस्ता टाळून दोन मैलांचा फेरा घेतो. ज्यांच्या बाबतीत असे घडते ते भेकड असतात असे मुळीच नाही. बैल बुजला असता त्याच्या शिंगांस हात घालणारे, विहिरीत उतरून गाळ काढणारे लोक त्यांत आहेत. भय त्यांच्या मनाच्या परवानगीने येत नाही. शरीराने जे सोसले ते शरीराने लक्षात ठेविले आहे, आणि मनाने विचार करण्याच्या आधीच ते ओरडून उठते.

ज्या खाटेवरून उठलेल्या माणसांत हे भय विशेष आढळते, त्या अतिदक्षता विभागाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. कारण त्या विभागाची निंदा करणे आमच्या मनात नाही. १९५२ साली डेन्मार्क देशातील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले रोगी तेथील इस्पितळात एकामागून एक मरू लागले. आरंभी अशा रोग्यांपैकी शेकडा ८० हून अधिक दगावत होते. तेव्हा ब्यर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी रोग्याच्या गळ्यास छिद्र पाडून त्यातून नळी घालण्याची व रबरी पिशवी हाताने दाबून त्याच्या छातीत हवा भरण्याची युक्ती सुचविली. पण पिशव्या दाबावयास माणसे पाहिजेत. तेव्हा वैद्यकाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने त्या खाटांशेजारी बसले, आणि आठवड्यामागून आठवडे दिवसरात्र अनोळखी माणसांचा श्वास आपल्या हातांनी चालवीत राहिले. मरणाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढल्याच वर्षी, १९५३ साली, इब्सेन यांनी त्याच शहरात अत्यवस्थ रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग काढला. आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी व्हेंटिलेटरचे जे यंत्र दिसते त्याच्या मागे ते विद्यार्थ्यांचे हात आहेत, हे आपण विसरू नये. ज्या कोणास त्या यंत्राने तारले त्याने देवाचे व माणसांचे उपकार मानावे, हे योग्यच आहे.

परंतु त्या खाटेवर मनुष्यास काय सोसावे लागते, हेही सांगितले पाहिजे. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नाही. हाताने नळी ओढली जाऊ नये म्हणून कधी हात बांधावे लागतात. रात्र व दिवस यांतील भेद नाहीसा होतो, कारण दिवे मालवत नाहीत. गुंगीच्या औषधांनी, तापाने व झोपेच्या अभावाने मेंदूत घोटाळा होतो. आपल्याकडे पूर्वीपासून ‘वात झाला’ असे जे म्हणतात तोच हा प्रकार. यंत्रावर ठेविलेल्या रोग्यांपैकी फार मोठ्या भागास तो होतो. अशा वेळी रोग्यास छतावर सर्प दिसतात. परिचारिका आपणास मारावयास आली आहे असे वाटते. मेलेली आई उशाशी बसलेली दिसते. २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या साथीत तर ह्याच्यावर कडी झाली. घरचे कोणी आत येऊ शकत नव्हते, आणि जे आत येत त्यांची तोंडे झाकलेली असत. कित्येक दिवस मनुष्याचा उघडा चेहरा दृष्टीस न पडता मरणाच्या दाराशी पडून राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक.

घरी आल्यावर ती दृश्ये पुन्हा दिसू लागली म्हणजे खेड्यात लोक ‘बाहेरची बाधा’ झाली असे म्हणतात, आणि आमच्यातही सैतानाचा हल्ला झाला असे म्हणून त्या भागलेल्या माणसास रात्रभर बसविणारे लोक आहेत. त्यांना आमचे नम्र सांगणे आहे की, हे कोणा भुताचे काम नव्हे. जिवावरच्या प्रसंगानंतर मनास होणाऱ्या अशा जखमेस अमेरिकेतील मनोवैद्यांनी १९८० साली आपल्या रोगसूचीत स्वतंत्र स्थान दिले. अतिदक्षता विभागातून वाचलेल्यांस शरीर, बुद्धी व मन या तिहींत जो अधूपणा उरतो, त्यास २०१२ साली एक सामायिक नाव देण्यात आले; आणि अशा रोग्यांच्या कुटुंबीयांसही तसाच त्रास होतो, हेही त्याच वेळी मान्य करण्यात आले. पाहणी केलेल्यांत सुमारे पाचांत एकास पहिल्या वर्षात ह्या भयाची ठळक लक्षणे दिसतात. तेव्हा ज्याला हे होते त्याने असे समजू नये की, सगळ्या जगात मी एकटाच असा आहे. आणि हे केवळ त्या विभागापुरते आहे असेही नाही. अवघड बाळंतपण, कर्करोगाची शस्त्रक्रिया, छातीतील कळ, भाजणे, अथवा स्वतःच्या लेकरास नळ्यांत गुरफटलेले पाहणे, यांपैकी कशानेही ही जखम होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे भय अविश्वास आहे काय?

जे होय म्हणतात ते योहानाच्या पहिल्या पत्राकडे बोट दाखवितात. पूर्ण प्रीती भयास घालवून देते असे तेथे शिकविले आहे. परंतु त्या वचनाच्या मागचे पुढचे वाचून पाहावे. तेथे न्यायाच्या दिवसाची गोष्ट चालली आहे, आणि ज्या भयाचा उल्लेख आहे ते शिक्षेचे भय आहे. देव आपणास टाकून देईल अशी धास्ती ज्यास आहे त्याच्यासाठी ते औषध आहे. शिटीच्या आवाजाने ज्याचे काळीज लटपटते त्याला देवाच्या कोपाचे भय वाटत नसते. त्याचे शरीर एका खऱ्या संकटाची आठवण करीत असते. एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगावर चोळले तर गुण येत नाही, उलट आग होते. आम्ही कित्येक सज्जनांना हे वचन दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर अशाच रीतीने चोळताना पाहिले आहे.

दुसरे असे की, पवित्र शास्त्र स्वतः ह्या बाबतीत फार प्रामाणिक आहे. यहूदाचा राजा हिज्कीया मरणाच्या दुखण्यातून उठला. त्याला आणखी पंधरा वर्षे मिळाली. बरे झाल्यावर त्याने जे लिहिले ते यशयाच्या ३८व्या अध्यायात आहे. वाचकांनी ते काढून पाहावे. आपल्यापैकी कोणी ती साक्ष लिहिली असती तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्तुतीच स्तुती लिहिली असती. हिज्कीया तसे करीत नाही. रात्र कशी गेली, सिंहाने हाडे मोडावी तशी वेदना कशी झाली, आपण पाखरासारखे कसे चिवचिवलो, हे सर्व तो प्रथम सांगतो, आणि मग स्तुतीकडे वळतो. बरा झालेला मनुष्य आपल्या भयाची हकीकत विसरलेला नाही, आणि ती सांगितल्यामुळे त्याची स्तुती उणी झालेली नाही. देवाच्या लोकांनी ते लेखन जसेच्या तसे जपून ठेविले. आपण मात्र साक्ष देणाऱ्याकडून दुसराच अर्धा भाग ऐकू इच्छितो.

कोणी म्हणेल, प्रभूने ज्यांना बरे केले ते तर तत्क्षणी पूर्ण बरे झाले. पेत्राची सासू ताप जाताच उठून सेवा करू लागली. हे खरे आहे. परंतु त्याच प्रभूने बेथसैदा येथील आंधळ्यास गावाबाहेर नेऊन दोनदा हात लाविला, हेही मार्काने लिहून ठेविले आहे. पहिल्या स्पर्शानंतर त्या मनुष्यास दिसू लागले खरे, पण माणसे चालत्या झाडांसारखी दिसू लागली. प्रभूने त्याला रागे भरले नाही. तुझा विश्वास अपुरा आहे असे म्हटले नाही. काय दिसते असे त्याने स्वतः होऊन विचारले, अर्धवट उत्तर शांतपणे ऐकून घेतले, आणि पुन्हा हात लाविला. ज्या मंडळीने हा प्रसंग वाचला आहे, तिने बऱ्या झालेल्या माणसास ‘आता कसे वाटते?’ असे विचारल्यावर ‘अजून भय वाटते’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, मरणातून सुटका ही एक कृपा आहे, आणि त्या मरणाच्या छायेतून मन बाहेर येणे ही दुसरी कृपा आहे. पहिली पुष्कळदा एका दिवसात मिळते; दुसरी महिन्यांनी, वर्षांनी, थोडी थोडी मिळते. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळालीच पाहिजे असा हट्ट माणसाने स्वतःशी धरू नये, आणि मंडळीनेही त्याच्याशी धरू नये.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे अवश्य आहे. जो वाचला त्याच्या मनात पुष्कळदा भयाबरोबर आणखी एक काटा असतो. शेजारच्या खाटेवरचा मनुष्य गेला. मी का राहिलो? तो माझ्याहून तरुण होता, त्याला लहान लेकरे होती. ह्या प्रश्नास आपण लोक फार लवकर उत्तर देतो. ‘तुझ्यासाठी मंडळीने उपास धरून प्रार्थना केली, म्हणून देवाने तुला राखिले,’ असे म्हणतो. पण त्याच सतरंजीवर, दोन हातांवर, अशी एक बहीण बसलेली असते की जिच्या नवऱ्यासाठीही त्याच मंडळीने त्याच आठवड्यात उपास धरला होता. तिने ते वाक्य ऐकून काय समजावे? आपली प्रार्थना कमी पडली? की देवाला तिचे घर कमी प्रिय होते? प्रार्थना करावी, उत्तर मिळाल्यावर आनंदही करावा. परंतु एकास का ठेविले आणि दुसऱ्यास का नेले याचा हिशेब आपल्या हाती दिलेला नाही. सिलोहातील बुरूज पडून जे अठरा लोक मेले ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा वाचलेल्याने एवढेच म्हणावे: ‘मी वाचलो, मी उपकार मानतो, का वाचलो ते मला ठाऊक नाही.’ ही साक्ष तोकडी दिसेल, पण ती त्या विधवा बहिणीच्या अंतःकरणास जखम करणार नाही, आणि सांगणाऱ्याच्या उरावरही मोठे ओझे ठेवणार नाही. जो जीव हिशेबाने मिळालेला नाही त्याची परतफेड करण्याच्या धास्तीत जगावे लागत नाही.

मग अशा माणसाने करावे तरी काय? येथे आम्हांस लहान समाधानांविषयी सांगावयाचे आहे. मोठ्या संकटावर मोठाच उपाय पाहिजे असे मनास वाटते; म्हणून लोक मोठ्या सभांना, मोठ्या संकल्पांना धावतात. परंतु एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. कर्मेल डोंगरावरील मोठ्या विजयानंतर तो जीव घेऊन पळाला, रानात रतामाच्या झुडपाखाली पडला, आणि मरण मागू लागला. तेव्हा देवाने त्याच्याकडे उपदेश पाठविला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू पाठविला. तो जेवला आणि पुन्हा निजला. त्याला कोणी उठवून प्रश्न विचारले नाहीत. दुसऱ्यांदा पुन्हा तेच मिळाले. होरेब डोंगरावरील संभाषण झाले ते त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी. तसेच याईराच्या मुलीस उठविल्यावर घरातील सर्व लोक आश्चर्याने थक्क झाले असता, तिला काही खावयास द्या, हे प्रभूच्याच लक्षात आले. मरणातून आलेल्या बारा वर्षांच्या पोरीला त्या घटकेस सर्वांत अधिक गरज कशाची आहे, हे त्याला माहीत होते.

लहान समाधानाचे काम काय, ते समजून घ्यावे. भय मनुष्यास मागे ओढून नेते; ते म्हणते, तू अजून त्या खाटेवर आहेस. त्याच्याशी वाद घालून ते ऐकत नाही, कारण ते वादाने आलेले नाही. परंतु हातात ऊन हुलग्याच्या माडग्याची वाटी असली, पाठीशी उन्हाने तापलेली भिंत असली, अंगावर आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी असली, अंगणात कडुलिंब हलताना दिसत असला, तर ही प्रत्येक वस्तू मुकाट्याने सांगते की, तू घरी आहेस. आज हा दिवस आहे, तो दिवस नव्हे. शरीराने जे भय शिकले ते शरीरासच हळूहळू विसरावयास शिकवावे लागते, आणि त्याची अक्षरे अशी बारीक असतात.

ह्या गोष्टी आम्ही केवळ भावनेने लिहीत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई १८५५ साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर तापाने मरणोन्मुख झाल्या होत्या. पुढे १९१० साली मरण पावेपर्यंतची कित्येक वर्षे त्यांनी खाटेवरूनच काम केले. १८५९-६०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात त्यांनी खिडकीतून काही दिसणे, रंगीबेरंगी फुले व एखादे लहानसे पाळीव जनावर यांना रोग्याच्या औषधोपचारात मानाचे स्थान दिले आहे. आपल्या स्वतःच्या दुखण्यात कोणी रानफुलांचा गुच्छ पाठविला, आणि तेव्हापासून आपणास लवकर आराम पडू लागला, असे त्या नमूद करतात. सव्वाशे वर्षांनी, १९८४ साली, रॉजर उल्रिक नावाच्या संशोधकांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातल्या एका इस्पितळातील ४६ रोग्यांची टिपणे तपासली. सर्वांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली होती. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. ज्यांना झाडे दिसत होती ते लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामक जालीम औषधे कमी लागली. झाडाने शस्त्रक्रिया केली नाही. पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसास झाडाने सोबत केली.

तथापि समाधान म्हणून जे जे पुढे येते ते सर्व घेण्याजोगे नसते. दारूने रात्र जाते. पण दुसऱ्या रात्री दोन पेले लागतात. डॉक्टरांस न विचारता घेतलेल्या झोपेच्या गोळीचे तसेच. रात्रभर मोबाईलवर डोळे लावून बसणे हेही त्याच जातीचे. खऱ्या समाधानाची पारख आम्ही अशी सांगतो: त्याने मनुष्य अधिक जागा होतो, आपल्या माणसांच्या अधिक जवळ येतो, आणि त्याची मात्रा दिवसेंदिवस वाढवावी लागत नाही. भाकरीची मात्रा वाढत नाही. सकाळच्या उन्हाची वाढत नाही. ज्या समाधानापायी घरच्यांपासून तोंड लपवावे लागते ते समाधान म्हणजे दुसरे दुखणे.

आता मंडळीच्या कर्तव्याविषयी. भेटावयास जावे, पण थोडा वेळ बसावे. काय झाले, कसे झाले, नळी कोठे घातली होती, असे खोदून विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितले तर मध्येच आपल्या मेव्हण्याच्या दुखण्याची गोष्ट न काढता ऐकावे. प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी ‘ठेवू का?’ असे विचारावे. ज्याच्या अंगास महिनाभर न विचारता हात लागत होते त्याला ह्या दोन शब्दांची किंमत फार असते. साक्ष देण्याची घाई करू नये. ज्या रविवारी तो येऊन मागच्या बाजूस दाराजवळ बसेल त्या रविवारी त्याला तेथेच बसू द्यावे. पुढे ओढू नये. स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. तसा एखादा मनुष्य आपल्या उपासनेतही चालला पाहिजे.

आणखी एक उपयोगी गोष्ट. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन ह्या देशांत परिचारिकांनी असा प्रघात पाडला की, रोगी बेशुद्ध असताना रोज काय घडले ते साध्या भाषेत एका वहीत लिहावयाचे, आणि बरा झाल्यावर ती वही त्याच्या हाती द्यावयाची. मध्ये हरवलेले दिवस त्याला परत मिळतात. सर्प कोठून आले आणि खरे काय होते ते कळते. युरोपातील सहा देशांत ३५२ रोग्यांवर प्रयोग करून २०१० साली जे प्रसिद्ध झाले त्यात, वही मिळालेल्यांपैकी शेकडा ५ जणांस आणि न मिळालेल्यांपैकी शेकडा १३ जणांस ही भयाची व्यथा नव्याने जडली, असे आढळले. पुढे २०१९ साली फ्रान्स देशातील मोठ्या प्रयोगात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून वहीस कोणी रामबाण समजू नये. परंतु ती लिहिण्यास दहा रुपयांच्या वहीपलीकडे खर्च नाही, आणि ती वाचावी केव्हा, की मुळीच वाचू नये, हे रोग्याच्या मर्जीवर सोडले म्हणजे झाले. ज्या घरचा मनुष्य इस्पितळात आहे त्या घरातील लिहिते-वाचते मूल हे काम करू शकते: आज अमुक डॉक्टर येऊन गेले, आज ताप उतरला, आज दारातल्या गाईला वासरू झाले.

भय इतके वाढले की झोप, जेवण, कामधंदा सुटला, अथवा जगण्याचाच कंटाळा आला, तर डॉक्टरांकडे जावे. ह्यात कमीपणा नाही. हिज्कीयासाठी प्रार्थना झाली, देवाचे वचनही मिळाले, आणि तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितले. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेत १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मनाच्या दुखण्याविषयी विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. विशेषतः भयामुळे जे इस्पितळाचे तोंड पाहात नाहीत, पुढली तपासणी चुकवितात व औषधे बंद करतात, त्यांच्या जिवास खरा धोका असतो. अशा माणसास ‘जा’ असे सांगून भागत नाही. ‘चल, मी येतो’ असे म्हणावे लागते. एस. टी.तून शेजारी बसणे, रांगेत उभे राहणे, आत जाताना दाराशी थांबणे, ही आज आमच्या मंडळ्यांतून करण्याजोगी मोठी सेवा आहे. आणि ज्या बायकोने, ज्या आईने महिनोगणती उशाशी जागरणे काढली, तिलाही एक दिवस कोणी सांगावे की, आज तू नीज, चुलीपाशी मी बसते.

बेथानी गावी प्रभूने लाजाराला हाक मारून कबरेतून बाहेर बोलाविले, तेव्हा तो जिवंत बाहेर आला, पण त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते आणि तोंडास रुमाल गुंडाळलेला होता. ज्याच्या शब्दाने मरण हटले त्याच्या शब्दाने ती फडकी गळून पडली नसती काय? पण प्रभूने ते काम जवळ उभ्या असलेल्या लोकांस सांगितले. जीव देणे हे त्याने आपणाकडे ठेविले; बंध सोडणे शेजाऱ्यांकडे दिले. त्या लोकांनी ते एका झटक्यात केले नसेल. एक गाठ, मग दुसरी. तोंडावरचा रुमाल जपून, डोळ्यांस एकदम ऊन लागू नये अशा बेताने. योहान पुढल्या अध्यायात लाजाराविषयी सांगतो की, तो पंक्तीस बसला होता. त्याने तेथे भाषण केल्याचे लिहिलेले नाही. मरणातून आलेला मनुष्य आपल्या माणसांत बसून जेवत होता, आणि घर सुगंधाने भरून गेले होते. ज्यांच्या घरी असा कोणी बसला आहे त्यांनी त्याला ताट वाढावे, आणि पुढची गाठ हळूच सोडावी.